टेपचं दुसरं टोक

दरवर्षी जानेवारीत मी यांना इथे आणतो.
विषय : जुन्या वास्तूंची मोजणी. गुण पंचवीस.
बत्तीस पोरं, दोन शंभरफुटी टेप, एक ओळंबा,
आणि सुपेगावच्या अलीकडे ज्यांना वळणं लागतात
त्यांच्यासाठी खिशात आवळासुपारी.

जंगलखात्याचा बंगला
अंजनीच्या झाडीला पाठ टेकून बसलेला.
तोंड समुद्राकडे. समुद्र मात्र दिसत नाही,
वारा फिरला की नुसता वास येतो,
सुकटीसारखा, कौलांच्या फटींतून.

मी माझं ठरलेलं बोलतो.
जांभा इथल्याच खाणीतला, साग आतल्या रानातला.
व्हरांडा दहा फूट, कारण दुपारचं ऊन.
जोतं चार फूट, कारण साप आणि साहेब
यांनी एकमेकांना लांबूनच बघावं.
इथे पोरं हसतात.
अकरा वर्षं इथेच हसतात.

मग शेरेबुक. अर्धं वाळवीनं वाचून संपवलेलं.
‘पाऊस फार. कोंबडी उत्तम.’
‘बिबट्या दिसला नाही. कस्टर्ड बरं होतं.’
‘पलंगात ढेकूण. कळावे.’
खाली सह्या, लांब शेपटीच्या,
वर आढ्यावरून धावलेल्या शेकरूसारख्या.

शून्याचं टोक यंदा नफिसा उलडेकडे होतं.
स्वयंपाकघर मागे, बंगल्यापासून सुटं,
चूल भडकली तर साहेब वाचावा म्हणून.
‘सर, मधे छप्पर नव्हतं?’
नव्हतं.
‘मग पावसात ताट कसं नेत?’
नेत असतील. टेप ताण.
सत्तावन्न फूट, चार इंच.

तिनं आकडा लिहिला नाही.
टेप खाली ठेवला, स्वतःचा डबा तळहातावर घेतला,
वर दुसरा हात झाकणासारखा धरला
आणि चालत गेली, भाजी सांडू नये इतकी सावकाश.
मागच्या पायरीवर थांबली.
‘पायरी मधोमध झिजते, असं तुम्हीच शिकवलंत.
ही डावीकडेच झिजलीय.’
मग उजवा खांदा पुढे काढून
आडवी होऊन तिनं दार ढकललं.
‘हात रिकामे नव्हते, सर.’

अकरा वर्षं मी त्या पायरीची
लांबी रुंदी उंची लिहून घेतोय.
वाकून मी त्या खळग्यात बोट फिरवलं.
आत थोडं पाणी होतं, एक मुंगळा होता.
कुणीच काही बोललं नाही, फक्त मागून जुईली पुळेकर म्हणाली,
‘सर, भूक लागली.’

चहा घेऊन लहानू आला. राखणदार, इथलाच, कातकरवाडीचा.
सगळं ऐकून किटली ठेवत म्हणाला,
‘ताटाचं काय, ते चार पावलांवर.
माझा आजा गाणीवरनं कावडीनं पाणी आणायचा,
साहेबाच्या आंघोळीला.
ती वाट कुठं मोजलीत?’

माझ्या वेळापत्रकात ती वाट नव्हती.
साडेचारला बस सुटायची होती.

शंभर फूट. खूण. शंभर फूट. खूण.
करवंदीच्या जाळीत टेप अडकला, सोडवला.
उतारावर ओघळात दोघं घसरली.
सव्विसाव्या खुणेपाशी की सत्ताविसाव्या
यावरून भांडण झालं, आकडा हरवला,
आणि तेवढ्यात खाली, अंधार धरलेल्या झाडीत,
पाणी दिसलं. परातीएवढं.
त्यावर टाचण्यांसारखे किडे चालत होते.
लहानूनं ओंजळीनं पालापाचोळा बाजूला केला,
आम्ही सगळे प्यालो.
वर ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.

कागद आले आहेत. एकतीस ठीकठाक.
व्हरांडा, जोतं, उत्तर दिशेचा बाण, सगळं जागच्या जागी.
नफिसाच्या कागदावर बंगला कोपऱ्यात, काडेपेटीएवढा.
त्यातून एक रेघ निघते,
वळत वळत कागदाच्या काठाशी येते आणि थांबत नाही,
पुढे तिनं दुसरा कागद चिकटवलाय,
त्याला तिसरा.
टेबलावर मावत नाही म्हणून
मी तो फरशीवर पसरून ठेवलाय.
येताजाता ओलांडतो.
गुण अजून दिलेले नाहीत.