कंटिन्युइटी

हॉलमधला तो फोटो बाबांचा नाही,
आबासाहेब सरनाईकांचा आहे.
येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत बसत नाही मी.
लोक चपला काढतात, हात जोडतात,
म्हणतात, अगदी असेच दिसायचे हो.

असे नव्हते दिसत.
भालचंद्र खोपकर वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं टाइमकीपर होते,
दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायचे
आणि शनिवारी पोटात दुखतंय सांगून
स्वतः गडकरीच्या मागच्या दाराने आत.
दुसऱ्या अंकात पोस्टमन. अकरा वाक्यं.
बारावं त्यांनी चिपळूणच्या प्रयोगात आपल्या मनाने घातलं,
हशा आला,
आणि पुढच्या दौऱ्याला पोस्टमन बदलला.

नाइटचं पाकीट आई त्यांच्यासमोर उघडायची नाही.
पिठाच्या डब्याखाली सरकवायची,
सकाळी मोजायची.

मग बावन्नाव्या वर्षी, घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या पुढे
मागची भिंतच नसलेल्या एका बंगल्यात
बाबा सत्तर वर्षांचे झाले.
केसांत पांढरं, गालांवर दोन रेघा, मुठीची काठी.
रात्री घरी येऊन
खोबरेल लावून म्हातारपण पुसायचे.
कानामागे थोडं राहायचंच,
ते सकाळी उशीच्या अभ्र्यावर निघायचं.

जांभळी नाक्यावर भाजीवालीने मेथीची जुडी उगारून विचारलं,
'सुनेला कशाला छळता ओ तुमी?'
जुडीचे पैसे पूर्ण घेतले, वर शिव्या दिल्या.
बाबांनी हे आम्हाला त्या रात्री दोनदा सांगितलं,
मग फोन करून आत्याला.

पर डे पाचशे वाढवून मागितले तेव्हा
लेखकाने त्यांना जिन्यावरून पाडलं.
कोणी ढकललं हे गुपित दोनशे भाग चाललं.
बाबा एका दुपारीत आटोपले.
पॅकअपआधी पोरांनी पडद्यासमोर बसवून फोटो काढला,
फ्रेम केली, चंदनाच्या सालींचा म्हणून
कसल्यातरी सालींचा हार घातला.

फोटोला पर डे नसतो.
थकलेल्या चेकसाठी गेले होते ते एकदा,
नव्वद दिवसांचे एकशेचाळीस झाले होते.
सेटवर स्वतःच्या खाली उभे राहून वर बघत होते
तर कंटिन्युइटीचा मुलगा धावत आला,
'सर, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय.'

मालिका संपल्यावर तो फोटो त्यांनी मागून आणला.
रिक्षातून, मांडीवर, काच पोटाकडे करून.
आई म्हणाली, हे माझ्या घरात लागायचं नाही.
कपाटामागे गेला. हार कचऱ्यात.

शेवटी एक नाटक आलं, भरपूर बोलायला असलेलं.
नौपाड्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये तालमी,
त्याआधी पहाटे मासुंद्याला फेऱ्या,
मी वही धरून मागे.
अडखळले की तळहात वर करायचे:
'थांब, सांगू नको, येतंय.'
बहुतेक वेळा यायचं.

शुभारंभाला अकरा दिवस होते. एकसष्ट पुरे.

एकट्याचा, नीट उजेडातला असा फोटोच सापडेना.
सगळे घोळक्यातले,
नाहीतर खाकी टोपीतले, तोंड उघडं, वाक्य बोलताना.
गुरुजी आलेले, शेजारी आलेले.
दादाने कपाट ओढलं.
आई काही बोलली नाही,
फक्त म्हणाली, पुसून घे.

म्हणून भिंतीवर जे आहेत
ते नऊ वर्षं पुढचे आहेत.
मी दर वाढदिवसाला वजाबाकी करते.
या वर्षी सहासष्ट झाले असते.
आणखी चार वर्षांनी
हा फोटो बरोबर येईल.

तोवर डाव्या कानाच्या पाळीवर
रंगभूषावाल्याने पांढरं जरा जास्तच लावलंय.
काच पुसताना माझा हात तिथेच घासत राहतो.
काचेवर नाहीये ते,
माहीत आहे मला.