टॉवेलखालचा भाव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमची कंपनी.
मी डिस्पॅचला. बॉक्स मोजतो, सही घेतो,
कानातला कापूस घरी जाऊन काढतो.
कंपनी शेअरबाजारात उतरली तेव्हा
एक लॉट मीही उचलला, दोन हजार शेअर, एकसष्टनं.
बायकोच्या पाटल्यांचा विषय इथे नको.

दीड वर्ष भाव जागचा हलला नाही.
नव्या पेठेत कोठाडियांच्या स्क्रीनवर रोज तेच दोन आकडे :
साठला घेतो, बासष्टला देतो.
"दोन्हीकडे एकच माणूस आहे," कोठाडिया म्हणाले.
"मार्केट मेकर. दुकान उघडं दिसावं म्हणून
दोन्ही पाट्या त्याला लावाव्याच लागतात,
गिऱ्हाईक असो नसो."

मग एका सोमवारी पाच टक्के वर, आणि वरचं दार बंद.
मंगळवारी तेच. बुधवारी तेच.
चौसष्ट. सदुसष्ट. सत्तर.
जॉबर अंबादास येमूल तुटलेला धागा जोडता जोडता म्हणाला,
"काय बे, कायतर हाय म्हणं?"
मला काय माहीत!
मला एवढंच दिसत होतं
की महिनाभर गोडाऊनात नवे कोन उतरतायत,
निळ्या काठाचा नमुना मास्तरांनी तीनदा बदलला,
रात्रपाळीला चहा दोनदा येतो.
बातमी रोज माझ्या हातांखालून जात होती, किलोच्या वजनात.
ती बातमी आहे
हे मला कळलं नाही. कुणाला तरी कळलं होतं.

गुरुवारी चौऱ्याहत्तर. बाजार मिटल्यावर जाहीर झालं :
जर्मनीतली हॉटेलं, सव्वातीन लाख टॉवेल.
आम्ही कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीचा डबा फिरवला.
शुक्रवारी सव्वानऊला
खालचं दार बंद. सत्तर चाळीस.
विकणाऱ्यांची रांग, घेणारा कोणी नाही.
"अहो, पण बातमी चांगलीय!" मी फोनवर ओरडलो.
कोठाडिया सावकाश म्हणाले, "चांगली होती.
सोमवारपर्यंत."
आणि तो दोन पाट्यांवाला?
त्यानं एक लॉट घेतला, नेमापुरता.
माझा नव्हे.

वडील गड्ड्याच्या जनावर बाजारात दलाली करायचे.
खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पडायचा,
आत बोटं बोटांना धरायची, दाबायची, सोडायची;
वर चेहरे असे, जणू हवापाण्याचं बोलतायत.
मी कासरा धरून उभा.
बैल शेपटीनं माशा हाकायचा.
टॉवेल हलतोय, एवढंच आम्हा दोघांना दिसायचं.

शनिवारी पहिला कंटेनर निघाला.
चौदाशे बारा बॉक्स. मी दोनदा मोजले.
सील ठोकलं. येमूलनं उगाच दाराला हात लावून
तो कपाळाला लावला.
शनिवारी बाजार बंद असतो.