अर्थिंग

मी मोटारी वाइंडिंग करणारा माणूस.
विहिरीतून काढलेली मोटार समोर ठेवली, की आधी हुंगतो.
जळक्या वार्निशचा वास आला
की पुढचं हातांना ठाऊक असतं.

पंचफुलाबाईंच्या गाडीला वासच नव्हता.
आवाजही नाही.
उपकेंद्राच्या भिंतीला टेकून उभी, पांढरी, लहानशी,
रुसलेल्या पोरीसारखी गप्प.
"अकरा टक्के उरले, दादा. अन् हा लाल दिवा पाहा,
तीन दिवसांपासून डोळा मारून राह्यला."
कंपनीवाले फोनवर म्हणाले, नागपूरला आणा.
अकरा टक्क्यांत वरुड कसंबसं येतं.

बॉनेट उघडलं. आत जाड वायरी, संत्र्याच्या रंगाच्या.
आमच्याकडे या रंगाचं दिसेल ते सोलून खातात.
मी हात मागे घेतला.
बारा व्होल्टची लहान बॅटरी पाहिली,
टोकांवर चढलेलं पांढरं घासून काढलं,
फ्यूज एकेक करून उन्हात धरले,
टायरची हवासुद्धा पाहिली, उगाच.
दोन तास मी गाडीतच शोधत होतो.
लसींचा डबा सावलीसावलीनं सरकवत
बाई नुसत्या बघत होत्या.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला.
शंभराचा बल्ब, होल्डर, दोन वायरी. होल्डर बापाचा.
फेज आणि न्यूट्रल: डोळे दिपले.
फेज आणि अर्थ: आत तार तेवढी लाल,
विझत आलेल्या बिडीसारखी.

भिंतीमागे गेलो. अर्थिंगचा पाइप
मे महिन्याच्या काळ्या मातीत उभा.
मातीत कसला, भेगेत.
वाकून बघताना माझी पक्कड आत पडली,
ती अजून वर आलेली नाही.

"खडं मीठ आहे काय, बाई? अन् पाणी?"
टँकर येऊन चार दिवस झालेले.
"गाडीले पाणी पाजता काय, दादा? थे काय बैल व्हय?"
गाडीला नाही, म्हटलं. जमिनीला.

भांडी विसळलेलं, हात धुतलेलं, दोन बादल्या जमलं.
मीठ कालवून ओतलं.
खाली कुठेतरी घटघट ऐकू आली,
आणि बराच वेळ थांबली नाही.

पुन्हा बल्ब लावला तेव्हा दिवेलागण झाली होती.
भिंतीवरचं पोलिओचं जुनं पत्रक वाचता आलं.
गाडीनं काही न बोलता हिरवा दिवा लावला.
न्हाणीचा पाइप आता त्या खड्ड्याकडे वळवलाय,
तिथे पुदिना आलाय म्हणतात.

मी मात्र त्याच रात्री दुकानात आलो
आणि माझ्याच भिंतीतल्या प्लगात
तोच बल्ब लावला. फेज आणि अर्थ.
तेहतीस वर्षं इथे उघड्या मोटारी फिरवून पाहतोय.
अंधारात उभा राहिलो,
तार लाल तरी होते का बघत.

मग बायकोला हाक मारली,
मीठ कुठे ठेवलंय.