दोन पायल्या

गढीत पायल्या दोन होत्या.
घ्यायची वेगळी, द्यायची वेगळी.
बाहेरून जुळ्या, पितळी कडंही तेच,
पोटात मात्र दीड मुठीचा फरक.
माझ्या पणज्याला, पैकू मापाऱ्याला, तो ठाऊक होता.
तो मोजायचा: लाभ... दोन... तीन...
आणि मान वर करायचा नाही.

त्या साली वैनगंगेत नुसती वाळू.
धान पोचट. राजाने मोहफुलंही मापावर आणली.
युवराजाच्या वरातीचा हत्ती
आमचा तांदूळ खाऊन डुलत होता.

बयना ढिवरीण उधारी फेडायला आली.
घ्यायची पायली भरली तशी म्हणाली,
'पैकूदादा, याच्यातलं त्याच्यात वत.'
एवढंच.

त्याने ओतलं.
लहान पायली भरली, शीग चढली,
तरी तांदूळ सांडतच राहिला
फरशीवर, बारीक आवाज करत.
अंगणभर माणसं. कोणी ओरडलं नाही.
देवडीवरचा शिपाई बयनाचाच भाचा.
त्याने भाला भिंतीला टेकवला
आणि उकिडवा बसून दाणे वेचू लागला.

पुढे दरवाजा कोणी मोडला
यावर गावात अजून भांडणं होतात.

राजा रात्री नदी पायीच उतरला.
पाणी असतं तर नाव लागली असती,
नाववाला लागला असता.

सकाळी पंच बसले.
पैकूने दोन्ही पायल्या मध्ये ठेवल्या.
'आता कोन्ती खरी?'

उन्हं कलली तरी कोणी बोलेना.
मग एकाने उठून
सुताराला हाक मारली.