जोड्यांचा कारखाना

नदी गावात शिरली त्याच्या तिसऱ्या दिवशी
जुरेमाने जोड्यांच्या बंद कारखान्याचं कुलूप तोडलं.
मे महिना. ब्राझीलच्या या टोकाला थंडीची सुरुवात.
पॅलेट उभ्या करून तारेने आवळल्या,
आणि कातड्याच्या जुन्या वासात
एकशे बारा कुत्री, एक गाभण घोडी,
केळ्यांच्या क्रेटमध्ये मांजरं,
शिवाय एक बदक, ते कुणाचंच ऐकत नाही.
कोपऱ्यातले उरलेसुरले तळवे
पहिल्याच रात्री चघळून फस्त.

भिंतीवर खडूने नियम:
इथे कुणाला नावं ठेवायची नाहीत.
मालक येतील, नावं त्यांच्यापाशी आहेत.
म्हणून गळ्यात चिकटपट्टी, तिच्यावर
होडीत उचललं त्या रस्त्याचं नाव.

संध्याकाळी ती बादली वाजवत फिरते:
पालमेइरास, जेवलास का?
साऊं रोकी, अंगावर उडी नको.
गिरणीगल्ली, पंजा दाखव, टाके उसवलेत का?
आणि पाण्याखालचं सगळं गाव
शेपट्या हलवत उभं राहतं.

तिच्या स्वतःच्या रस्त्यावरून
अजून कुणी आलेलं नाही.
होडीवाला वाल्मोर रोज नुसती मान हलवतो.

आज त्याने जाकिटातून एक पिल्लू काढलं.
कुठलं?
ठाऊक नाही. एका दारावर बसून वाहत आलं.
दार कुठल्या रंगाचं होतं,
हे तिने विचारलं नाही.

पट्टी फाडली, पेनचं टोपण काढलं,
बराच वेळ धरून ठेवलं.
मग कोरीच चिकटवली
आणि दूध कोमट करायला गेली.