दुसरी किल्ली

बाणेर रस्त्यावरच्या शोरूममध्ये गाडी नाहीच.
पडद्यावर फिरते नुसती.
खरी तिकडे, स्टुटगार्टला; मृण्मयी कारखान्यातूनच उचलणार.

पिंपरीत अठ्ठावीस वर्षं गिअर तपासले मी,
हात लावल्याशिवाय पैसे कसे मोजायचे?

निनाद म्हणाला, सर, किंमत युरोत आहे, हलत नाही.
मी म्हटलं, मग चहा तरी दुसरा सांगा.

मॅट फुकट सुटले. बर्फाचे टायर अर्ध्यात आले.
विमा त्याने धरून ठेवला, मीही ताणलं नाही.
स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे बसून माझा पाय
नसलेला ब्रेक दाबणार,
तेही कधी, कोण जाणे.

सही करताना विचारलं,
किल्ल्या दोन असतात ना?
एक इकडे पाठवा.

तो हसला. सर, इथून रेंज नाही लागणार.

लिहून घ्या, म्हटलं.