नोटोजिया

जुन्या नकाशात बाली आणि लोंबोकच्या मधे
तांबड्या शाईची रेघ.
पलीकडे लिहिलंय : नोटोजिया.
आता हा शब्द कुणी वापरत नाही.

अमाक सहनेप आठवड्यातून दोनदा रेघ ओलांडतो,
सुकी मासळी घेऊन.
म्हणतो, रेघ कसली?
ओढ आहे इथे पाण्याला,
वल्हं मोडेल अशी.

आज निघताना शिडाच्या काठीवर
एक पांढरा पक्षी येऊन बसला,
तुरा मिटून.
मध्यावर आलो तसा उडाला,
मागे, लोंबोककडे.

‘काकातुआ,’ अमाक म्हणाला. ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’

काकाकुवा, मी म्हटलं.

सुकाणू सोडून तो हसत सुटला.
होडी तेवढ्यात
हातभर दक्षिणेला गेली.